दहा रुपयांचा गुन्हा आणि रिकामी खोली

1 जानेवारी 2025 पासून इंदुरात जिल्हा प्रशासनाच्या आदेशाने भीक देणे हा गुन्हा ठरला. भीक मागण्याविरुद्धचा कायदा मध्य प्रदेशात 1973 पासून आहेच. नवे होते ते देणाऱ्याला धरणे. त्याच महिन्यात खंडवा रोडवर एका मंदिरासमोर कुणा वाहनचालकाने भिकाऱ्याच्या हातावर दहा रुपये ठेवले, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली त्या अज्ञात माणसावर गुन्हा नोंदवला गेला. लोकसेवकाचा आदेश मोडल्याबद्दलचे हे कलम. दुसरीकडे भीक मागणाऱ्यांची खबर देणाऱ्यास हजार रुपयांचे बक्षीस होते. दिले तर दहा रुपये आणि गुन्हा, दाखवून दिले तर हजार रुपये आणि शाबासकी. हिशेब सरळ होता. त्याच वर्षी शहर भिक्षुकमुक्त झाल्याची घोषणाही झाली.

यावर इंदूरच्या मराठी घरांत आणि आम्हा ख्रिस्ती लोकांच्या मंडळ्यांत बरेच बोलणे झाले. एक पक्ष म्हणाला, बरे झाले, या सगळ्या टोळ्या असतात. दुसरा म्हणाला, जो मागतो त्याला दे असे प्रभूनेच सांगितले आहे, मग सरकार मध्ये कोण? मला हा आदेश चुकीचा वाटतो, तो मागे घ्यावा असेही वाटते. पण दयेच्या नावाने त्याला विरोध करणाऱ्यांची बाजू मला फारशी भक्कम वाटली नाही. सिग्नलला काच चार बोटे खाली करून टाकलेले नाणे शास्त्राने कधी मागितलेच नव्हते. शास्त्राने मागितले ते जास्त महाग आहे: घरातली जागा. नाणे काय किंवा गुन्ह्याची नोंद काय, दोन्हींनी समोरचा माणूस काचेपासून लांब होतो, आणि सिग्नल सुटला की आपण मोकळे.

बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात मम्रेच्या झाडांखाली अब्राहाम भर दुपारी तंबूच्या दारात बसलेला आहे. तीन अनोळखी माणसे दिसतात. हा म्हातारा धावत त्यांच्याकडे जातो. थोडे पाणी आणतो, पाय धुवा, भाकरीचा तुकडा खाऊन पुढे जा, एवढेच बोलतो. आणि मग तीन मापे सपीठ मळायला लावतो, कोवळे वासरू कापायला देतो, दही-दूध आणून ठेवतो, आणि ते जेवत असताना स्वतः झाडाखाली उभा राहतो. बोलला थोडे, केले पुष्कळ. आपल्याकडे हे प्रमाण नेमके उलटे असते. शिवाय त्याने त्यांना नाव-गाव विचारलेले नाही. आपला पहिला प्रश्न ‘आडनाव काय?’ आणि दुसरा ‘मूळ गाव कुठले?’, दोन्हींची उत्तरे पटली तर चहा.

पुढे लेवीयाच्या पुस्तकात परक्याला आपल्यातल्यासारखे वागवा असे सांगताना कारणही दिले आहे: तुम्हीही मिसर देशात परके होता. हे कारण इंदूरच्या मराठी माणसाला तर सहज कळावे. होळकरांच्या मागे आलेले शिलेदार, कारकून, पुरोहित, वैद्य, त्यांच्या मागून आलेले मास्तर आणि गिरणीतले बाबू, आम्ही सगळे इथे बाहेरूनच आलो. मल्हाररावांच्या आधी इथे आमचे कोण होते? अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे उभी केली, तीही ज्यांना त्या कधी पाहणार नव्हत्या अशा वाटसरूंसाठी. तिच्या नावाचा अभिमान मिरवणाऱ्या शहराला फुटपाथवर झोपलेला माणूस स्वच्छतेचा प्रश्न वाटावा, ही गंमतीची गोष्ट नाही.

येशूने तर आणखी अडचण करून ठेवली आहे. लूकच्या शुभवर्तमानात तो यजमानालाच सांगतो की जेवण करशील तेव्हा मित्र, भाऊबंद, नातलग आणि श्रीमंत शेजारी यांना बोलावू नकोस, कारण ते उलट तुला बोलावतील आणि फेड होऊन जाईल. गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलाव. नव्या करारातली एवढी स्पष्ट आणि एवढी बिनदिक्कत बाजूला ठेवलेली दुसरी आज्ञा मला माहीत नाही. नाताळात आमच्या घरांतून करंज्या, चकल्या आणि केकच्या ताटल्या किती दारांत जातात! पण दारे सगळी ओळखीची, आणि ताटली रिकामी परत येत नाही. शेजाऱ्यांच्या दिवाळीच्या फराळाशी तिचा हिशेब पुरा होतो. गोड प्रथा आहे, मोडू नये. फक्त तिला ख्रिस्ती पाहुणचार म्हणू नये.

आणखी एक पळवाट आहे, परक्याला संस्थेवर सोपवण्याची, आणि तीही आजची नाही. ख्रिस्ती मंडळींनी परक्यांसाठी संस्था काढल्या त्या चौथ्या शतकात. आजच्या तुर्कस्तानातल्या कैसरियाच्या बासिल या धर्मगुरूने साधारण 370 च्या सुमारास शहराबाहेर आजारी, प्रवासी आणि निराधारांसाठी एक वसाहतच उभी केली. त्याआधी काही वर्षे, 362 च्या सुमारास, ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक सम्राट जूलियन आपल्या पुरोहिताला पत्रात वैतागून लिहीत होता की हे गालीली, म्हणजे ख्रिस्ती, लोक स्वतःच्याच नव्हे तर आपल्याही गरिबांना पोसतात. आपणही शहराशहरांत धर्मशाळा काढल्या पाहिजेत. विरोधकाने दिलेले हे प्रशस्तिपत्र आम्ही प्रवचनांत आवडीने सांगतो. त्यापुढची गोष्ट मात्र सांगत नाही. त्यानंतर फार वर्षे गेली नाहीत, तोच योहान ख्रिसोस्तोम हा नामांकित प्रवचनकार आपल्या श्रोत्यांना झापताना दिसतो. लोक म्हणत होते, परक्यांसाठी चर्चची धर्मशाळा आहे ना! तो म्हणाला, चर्च प्रार्थना करते म्हणून तुम्ही प्रार्थना करायची सोडता का? घरात एक खोली ठेवा, तिथे खाट, मेज आणि दिवा ठेवा, ती ख्रिस्ताची खोली. वर जागा नसेल तर खाली, जिथे तुमची खेचरे आणि नोकर राहतात तिथे तरी त्याला घ्या.

ख्रिसोस्तोमाचा राग संस्थेवर नव्हता. संस्था उभी राहिली की माणूस आपल्या घराचे दार निश्चिंतपणे लावून घेतो, यावर होता.

इंदुरात हे आम्ही मनापासून केले आहे. कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी इथे 1877 मध्ये आले. शाळा निघाल्या, दवाखाने निघाले, 1887 मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेज सुरू झाले. त्या पुण्याईच्या सावलीत आमच्या तीन-चार पिढ्या सुखाने बसल्या आहेत. परक्यावर प्रीती करण्याचा विषय निघाला की आम्ही त्या इमारतींकडे बोट दाखवतो, नाहीतर मदर तेरेसांच्या सिस्टर्सकडे. बाकीचे शहर महापालिकेच्या रैन बसेऱ्यांकडे, म्हणजे रात्रीच्या निवाऱ्यांकडे, बोट दाखवते. वाक्य तेच: ‘त्यांच्यासाठी ते आहे ना!’

हे वाक्य शेवटी कुठे पोहोचते ते 2021 च्या जानेवारीत दिसले. महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी फुटपाथवरच्या निराधार म्हाताऱ्यांना गाडीत घालून शहराबाहेर, देवासच्या वाटेवरच्या क्षिप्रा गावाजवळ नेऊन उतरवले. कडाक्याच्या थंडीत. गावकऱ्यांनी हरकत घेतली, चित्रफिती पसरल्या, तेव्हा त्यांना पुन्हा गाडीत चढवून परत आणावे लागले. ओरड झाली, एक उपायुक्त निलंबित झाला आणि प्रकरण मिटले. अधिकाऱ्यांना शिव्या घालणे सोपे होते, तेवढे सगळ्यांनी केले. मला मात्र दुसरेच खटकते. हे लोक रोज ज्या दुकानांसमोर, ज्या बंगल्यांच्या कुंपणाला टेकून बसत, तिथल्या कुणी ‘आमची ती आजी कुठे गेली?’ म्हणून विचारल्याचे ऐकिवात नाही. हरकत घेतली ती वाटेवरच्या परक्या गावाने.

याच शहराने आदल्या वर्षी वेगळे रूप दाखवले होते, हेही सांगितले पाहिजे. 2020 च्या मे महिन्यात मुंबई-आग्रा रस्त्याने उत्तर प्रदेश-बिहारकडे चालत निघालेल्या मजुरांना इंदूरच्या बायपासवर लोकांनी खाऊ घातले, पाणी दिले, पायांत चपला दिल्या. साथीची भीती असताना दिल्या. त्या माणुसकीला मी कमी लेखत नाही. पण तो पाहुणा पुढे जाणारा होता. जाणाऱ्याला दिलेले सगळे गोड लागते, कारण उद्या सकाळी तो आपल्या दारात नसतो. खरी अडचण राहणाऱ्याची. तोच मजूर सहा महिन्यांनी परत येऊन आपल्या गल्लीत खोली शोधू लागला की आपण त्याचे आधार कार्ड मागतो आणि मग खोली नसल्याचे सांगतो.

आता टोळ्यांचा मुद्दा. तो खोटा नाही. 2024 मध्ये लवकुश चौकात स्वतःच्या मुलांना भीक मागायला लावणाऱ्या एका बाईने दीड महिन्यात अडीच लाख कमावल्याची बातमी देशभर गाजली होती. मुलांच्या हातात कटोरा देणाऱ्याला सोडू नये. पण त्यासाठी 2015 च्या बालन्याय कायद्यात पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद आहे, ती वापरावी. दहा रुपये देणाऱ्यावर कलम लावून ते मूल शाळेत जात नाही. आणि भीक मागणे हाच गुन्हा मानणारी कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्या शहरापुरती रद्द केली, त्याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे: राज्याने जे पुरवायला हवे ते पुरवले नाही, म्हणून माणूस हात पसरतो; त्यासाठी त्यालाच तुरुंगात कसे टाकणार?

लबाडांची काळजी ख्रिस्ती मंडळीला पहिल्यापासून होती. प्रेषितांचा काळ सरतो न सरतो तोच ‘दिदाखे’ नावाची एक छोटी नियमपुस्तिका तयार झाली. तीत फिरत्या पाहुण्यांबद्दल जे लिहिले आहे ते वाचून हसू येते, इतके ते व्यवहारी आहे. प्रभूच्या नावाने येणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत करा, मग त्याची पारख करा. वाटसरू असेल तर जमेल तेवढी मदत करा, पण त्याने दोन दिवस, गरज पडली तर तीन दिवस राहावे. प्रेषित म्हणवणारा तीन दिवस ठाण मांडून बसला तर तो खोटा. पैसे मागू लागला तरी खोटा. राहायचे म्हणत असेल आणि कसब असेल तर काम करून खावे. कसब नसेल तर मंडळीने विचार करून सोय लावावी, पण ख्रिस्ताच्या नावावर आयते खाऊ देऊ नये. पाहुणचारावर जगणारे ऐतखाऊ त्या लोकांना आपल्याहून चांगले ठाऊक होते. तरीही क्रम त्यांनी सोडला नाही: आधी दार, मग पारख. आमच्या शहरात पारखही नाही आणि दारही नाही, एकदम गाडी.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याचा आधार दोन्ही पक्ष घेतात, म्हणून तो जरा नीट वाचू. त्यात धर्मशाळा आहे, धर्मशाळेचा मालक आहे, आणि तो पैसे घेतो. म्हणजे येशूला संस्थेचे वावडे नव्हते. पण वाटेत लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला माणूस दिसताच शोमरोनी आधी स्वतःच्या हाताने त्याच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, स्वतःच्या जनावरावर त्याला बसवतो, एक रात्र त्याच्याजवळ राहतो, आणि दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दिनार देतो. दोन दिनार म्हणजे दोन दिवसांची मजुरी. वर म्हणतो, जास्त लागले तर परत येताना देईन. परत येण्याचे हे वचन मला तेलाहून मोठे वाटते. रस्त्याच्या पलीकडून निघून गेलेला याजक आणि मंदिराचा सेवक लेवी कदाचित असेही म्हणाले असतील की यरीहोच्या वाटेवर टोळ्या असतात, हा त्यांचाच डाव दिसतो. आणि त्यात तथ्यही असू शकेल.

मध्य प्रदेशात ख्रिस्ती माणसाने हा विषय काढला की आणखी एक प्रश्न समोर येतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. तुम्ही जेवू घालता ते धर्म बदलायला का? मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा 1956 चा अहवाल, 1968 चा धर्मस्वातंत्र्य कायदा, आणि त्याच्या जागी आलेला 2021 चा, या सगळ्यांच्या मुळाशी हाच संशय आहे. प्रलोभनाच्या व्याख्येत भेटवस्तू येते, पैसा येतो, नोकरी आणि शिक्षणही येते. या कायद्यांचा जाच कुणाला होतो ते इथे सगळ्यांना माहीत आहे. पण दुष्काळातल्या ताटाबरोबर कधीच कुठली अपेक्षा वाढली गेली नाही, असे छातीवर हात ठेवून आम्हालाही म्हणता येणार नाही. म्हणून नियम स्वच्छ असावा. पाहुण्याचा देव पाहुण्याकडे. जेवणाआधी आम्ही आमची प्रार्थना करू, त्याने त्याचे नामस्मरण करावे किंवा काहीच करू नये. मम्रेला अब्राहामाने पाहुण्यांना उपदेश केलेला नाही. उलट सांगण्यासारखी बातमी, त्याच्या बायकोला, साराला, मुलगा होणार ही, पाहुण्यांकडेच होती. अटीवर दिलेल्या भाकरीला पाहुणचार म्हणत नाहीत, तो व्यापार झाला. मात्र संशयाची भीती हे दार न उघडण्याचे कारण होऊ नये. ती सबब फार सोयीची आहे.

इंदूरपासून जवळच्या उदयनगरला सिस्टर राणी मारिया काम करत होत्या. केरळातल्या पुल्लुवळीच्या. या मुलखात त्या सर्वार्थाने परक्या. आदिवासी शेतमजुरांना सावकारांच्या तावडीतून सोडवण्यासाठी त्या झटल्या, आणि 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये, लोकांच्या डोळ्यांसमोर, त्यांना भोसकून मारले गेले. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदुरात त्यांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित करण्यात आले, त्या सोहळ्याला मोठी गर्दी होती. मला त्यांच्या मरणाइतकेच पुढचे महत्त्वाचे वाटते. त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला. 2006 मध्ये सुटल्यावर तो केरळात त्यांच्या घरी गेला आणि आईने त्याचे हात आपल्या हातांत घेऊन त्यांचे चुंबन घेतले. त्या आईकडे दार लावून घ्यायला जगातले सर्वात सबळ कारण होते. तिच्यासमोर आमची कारणे, आधार कार्ड, मांसाहार, पार्किंग, कशी दिसतात ते ज्याने त्याने पाहावे.

मग करायचे काय? सिग्नलवरच्या प्रत्येकाला घरी आणा, असे मी म्हणत नाही. सुदामानगरात एकट्या राहणाऱ्या सत्तरीच्या काकूंनी रात्री अकराला अनोळखी माणसाला दार उघडावे, असे तर मुळीच नाही. मंडळी असते ती एवढ्यासाठीच, की जे एका घराला झेपत नाही ते चार घरांनी मिळून करावे. भाडेकरूची पोलिसांत नोंद करायची असते, ती करावी; त्याने प्रेम कमी होत नाही. पण महाराजा यशवंतराव रुग्णालयात झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोनहून आलेल्या रोग्यांबरोबरचे लोक व्हरांड्यात आणि बाहेर फुटपाथवर झोपतात, हे शहरातल्या प्रत्येकाने पाहिले आहे. आमच्या चर्चचे हॉल मात्र रोज रात्री कुलूपबंद असतात. पंखा, नळ, संडास, सगळे आत. दोन कुटुंबांना रात्री झोपायला आणि सकाळी एक स्टोव्ह पेटवायला जागा दिली तर कुठले शास्त्र आड येते? आडवी येते ती कमिटी.

आणि वार. मराठी समाजात गरीब विद्यार्थी सात घरी सात वार लावून जेवत, ही आठवण अजून जुन्या घरांत निघते. कित्येकांची शिक्षणे त्यावर झाली. त्या पद्धतीत दोन खोट होत्या. वार बहुधा जातीतल्या मुलालाच मिळे, आणि पुष्कळदा त्याला पडवीत, उपकाराच्या ताटावर जेवावे लागे. त्या दोन्ही काढून ती पुन्हा सुरू करता येईल. भंवरकुआँला क्लासेससाठी आलेला अलीराजपूरचा एखादा भिलाला आदिवासी मुलगा एका खोलीत पाच जणांबरोबर राहतो आणि रात्री पोह्यांवर झोपतो. सात घरे, आठवड्यातून एक जेवण प्रत्येकी, घरच्यांच्या पंगतीत. सातही घरे ख्रिस्ती असायला हवीत असेही नाही. तीन आमची आणि चार शेजाऱ्यांची असतील तर प्रलोभनाचा संशय घ्यायलाही कुणाला फट राहणार नाही. पुनरुत्थानानंतर अम्माऊसच्या वाटेवर शिष्यांना भेटलेला अनोळखी माणूस येशूच होता; तो पाहुणा म्हणून घरात आला आणि मेजावर भाकरी त्यानेच घेऊन मोडली. चार-पाच बुधवार झाले की हा मुलगाही सांगेल, पानिया कसे भाजतात, मक्याचे पीठ किती घट्ट मळायचे, पळसाची पाने कुठून आणायची. त्या दिवशी स्वयंपाक त्याच्याकडे द्यावा.

स्वयंपाकावरून एक गोष्ट राहिली. पाहुणचाराच्या गोष्टी पुरुष सांगतात आणि पोळ्या बायका लाटतात. अब्राहामाच्या तंबूतही पीठ साराच मळत होती, आणि येशू घरी आला असता एकटीलाच राबावे लागते ही मार्थेची तक्रार तर आम्हा सगळ्यांना पाठ आहे. ‘पाहुणे येऊ द्या’ म्हणणाऱ्याने आधी ओट्याजवळ उभे राहायची तयारी ठेवावी. निदान गुरांकडे धावत जाणारा आणि वाढून झाल्यावर उभा राहणारा अब्राहाम तरी लक्षात ठेवावा. आठवड्यातला एक वार पुरुषांनी रांधायचा, हे मी आमच्या कमिटीसमोर मांडणार आहे. हॉलच्या किल्लीचा प्रस्तावही त्याच बैठकीत येईल. काय विचारले जाईल ते मला आताच दिसते: खुर्च्या चोरीला गेल्या तर, लोक काय म्हणतील, भिंती खराब झाल्या तर, विजेचे बिल कोण भरणार. यातला शेवटचा प्रश्न खरा आहे. नाताळच्या रोषणाईला आम्ही दरवर्षी जो खर्च करतो, त्यातून ते सहज भागेल.